तिसरा मजला, डावीकडे

दार वाजलं तेव्हा कुशनवाल्याच्या तोंडात चौदा खिळे होते.

ह्यात नवल काही नाही. खुर्चीला कापड ठोकणाऱ्या माणसाचे दोन्ही हात अडकलेले असतात. एकाने कापड ताणायचं, दुसऱ्याने हातोडी मारायची. मग बारीक खिळे ठेवायचे कुठे? तोंडात! जिभेने एकेक पुढे सरकवायचा, ओठांतून उचलायचा, ठोकायचा. वडिलांनी शिकवलेली पद्धत. त्यातून त्या दिवशी तो एका म्हाताऱ्या सोफ्याचं पोट फाडून बसला होता. आतला काथ्या इतका जुना, की नुसता हात लावला तरी धुळीचा लोट उठायचा. डोळे लालबुंद, नाक वाहतंय, डोक्याला फडकं, कपाळावर घाम... अशा अवतारात त्याने दार उघडलं.

दारात एक मुलगी. एका हातात तीन खणांचा डबा, दुसऱ्या हातात चिठ्ठी, आणि जिना धावत चढल्यामुळे लागलेली धाप.

"अरे देवा!" ती म्हणाली. "तुम्ही उठलात कशाला?"

"अं—" तो म्हणाला. चौदा खिळे तोंडात असताना ह्याहून जास्त काही बोलता येत नाही.

"बोलू नका. अजिबात बोलू नका. छाती भरलीय तुमची, माहीत आहे मला. बसा. बसा म्हणते ना!"

आणि तो बसला. का बसला, हे त्याला पुढे कितीतरी दिवस कळलं नाही. तिने खोलीवरून नजर फिरवली. चार खुर्च्यांची उघडीनागडी हाडं, काथ्याचा ढीग आणि स्प्रिंगा बाहेर आलेला तो सोफा.

"ह्याच्यावर झोपता तुम्ही?" तिचा आवाज एकदम खाली आला. डोळे भरलेच जवळजवळ. तिने फटाफट एक स्टूल पुसलं, डबा उघडून मांडला, सूपची वाफ खोलीभर झाली. मग तिने हात जोडले आणि डोळे मिटले.

"प्रभू येशू, हे आमचे भाऊ. ह्यांच्या छातीला आराम दे. ह्यांना नीट झोप लागू दे. आणि ह्यांना एकटं वाटू देऊ नकोस. आमेन."

ती डोळे मिटून होती तोवर खिळे काढून खरं काय ते सांगायला वेळ होता. भरपूर वेळ होता. पण तो बघत राहिला. तिच्या पापणीला काथ्याची एक तार चिकटली होती आणि ती तिच्या श्वासाबरोबर हलत होती. आई गेल्याला पाच वर्षं झाली होती. आई होती तोवर दर रविवारी तिच्याबरोबर शहराच्या दुसऱ्या टोकाच्या चर्चला जाणं व्हायचं. ती गेली आणि तेही सुटलं. त्यानंतर देवापुढे त्याच्यासाठी कोणी चार शब्द बोललं असेल, असं त्याला आठवत नव्हतं. 'आमेन' ऐकल्यावर तो भानावर आला, खिळे मुठीत थुंकले... पण ती एव्हाना जिन्यात होती.

"उद्या येते! डबा धुवायच्या भानगडीत पडू नका!"

"अहो, पण ऐका तरी—"

खालून फक्त चपलांचा आवाज आला. तो परत आत आला, स्टुलाकडे बघत उभा राहिला, आणि सूप गार व्हायच्या आत पिऊन टाकलं. फार छान होतं.

आता ही मुलगी कोण, ते सांगायला हवं. चौकातल्या लाँड्रीच्या काउंटरवर असायची. कपडे घ्यायचे, आकड्याची चिठ्ठी टाचायची, आणि डाग कशाचा आहे हे गिऱ्हाइकाने सांगायच्या आत आपणच सांगून मोकळं व्हायचं. चार महिन्यांपूर्वी मावशीकडे राहायला आली होती. पायाला भिंगरी आणि तोंडाला कुलूप नाही, म्हणून मावशी तिला भिंगरीच म्हणायची, आणि मावशीचं ऐकून चर्चमधली अख्खी मंडळी. ही मावशी चर्चच्या भेट-मंडळाची प्रमुख. कोण आजारी, कोण बाळंत, कोणाच्या म्हाताऱ्या सासऱ्याला दवाखान्यात न्यायला माणूस हवं, सगळं तिच्या वहीत. मावशीचे गुडघे गेलेले, त्यामुळे ती घरबसल्या फोन करायची आणि चिठ्ठ्या लिहायची. चिठ्ठी ज्याच्या हातात पडेल त्याने निघायचं. आजारी माणूस आपल्या मंडळीतला आहे की नाही, हे विचारायची पद्धतच नव्हती.

ह्या चिठ्ठीचा मजकूर दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितला होता. 'तिसरा मजला, डावीकडे. एकटेच राहतात. छाती भरली आहे, पोटात धड काही जात नाही. भयंकर हट्टी आहेत. मला काही झालेलं नाही म्हणतील, डबा परत करतील. ऐकू नये.'

नेमका त्या दिवशी पुढच्या जिन्याच्या कठड्याला ओला रंग होता, म्हणून भिंगरी मागच्या जिन्याने चढली. पुढच्या जिन्याने जे डावीकडे येतं ते मागच्या जिन्याने उजवीकडे येतं, हे ज्याला थांबून विचार करायची सवय आहे त्याला कळतं. भिंगरीला ती सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी कुशनवाला तयारीत होता. तोंड मोकळं, केस विंचरलेले.

"हे बघा," तो म्हणाला, "काहीतरी घोटाळा झालाय. मला काहीही झालेलं नाही."

तिचा चेहरा खुलला. "वाटलंच! अगदी हेच म्हणणार म्हणून सांगितलं होतं मला."

"कोणी?"

"डॉक्टरांनी."

"कुठल्या डॉक्टरांनी? मी कुठल्याच डॉक्टरकडे गेलेलो नाही!"

"काय बाई हट्टी माणूस!" ती कौतुकाने म्हणाली. "वर्णन तंतोतंत जुळतं हं तुमचं."

तो आणखी काही बोलणार, तेवढ्यात काथ्याची धूळ घशात गेली आणि त्याला खोकल्याची अशी उबळ आली, की त्याला भिंत धरावी लागली. झालं! तिने त्याला खांद्याला धरून बसवलं. मग तिची नजर अर्ध्या ठोकलेल्या खुर्चीवर गेली.

"ह्या अवस्थेत काम करताय?"

"माझं कामच आहे ते! परवा द्यायच्यात खुर्च्या—"

"मुळीच नाही." तिने हातोडी उचलली आणि सरळ पर्समध्ये टाकली. "बरे झालात की देईन."

"अहो, हातोडी काय नेताय माझी! बाई... ताई—"

"सूप प्या," ती म्हणाली. ती गेल्यावर तो बराच वेळ नुसता हसत बसला. मग उरलेले खिळे त्याने बुटाच्या टाचेने ठोकले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र हसू मावळलं. जिन्यात डॉक्टर भेटले.

"काय हो, तुमच्या समोरच्या मास्तरांकडे चर्चचे लोक डबा देणार होते. येतात का कोणी?"

कुशनवाल्याने मागे वळून वर पाहिलं. समोरची खोली. निवृत्त मास्तर, आयुष्यभर मुलांना गणित शिकवलेले, कोणाशी न बोलणारे. गेले काही दिवस त्यांचा खोकला दाराआडून ऐकू येत होता आणि तो ऐकून आपण काय केलं, तर रेडिओ मोठा केला. एका आजारी म्हाताऱ्याचं दोन दिवसांचं जेवण आपण गिळलं! त्याला स्वतःचीच इतकी लाज वाटली की त्याने लगेच जाऊन दार ठोठावलं.

मास्तर कॉटवर बसले होते. हनुवटीपर्यंत रग, समोर बिस्किटांचा रिकामा पुडा.

"काय हवंय?"

"मास्तर, दोन दिवस काय खाल्लंत?"

"तुला काय करायचंय? मला काही झालेलं नाही," मास्तर गुरगुरले, आणि त्यांना जो खोकला लागला तो पाच मिनिटं थांबेना. कुशनवाल्याने पाठ चोळली, पाणी दिलं, आणि सगळी हकिगत सांगून टाकली. खिळे, सूप, हातोडी, प्रार्थना. मास्तर ऐकत गेले, आणि हातोडीपाशी त्यांच्या मिशा हलल्या.

"आज आली की तिला इकडेच घेऊन येतो," तो म्हणाला.

"खबरदार! बायामाणसं येऊन उशाशी डोळे पुसतात, मला खपत नाही. सूप तू आण. मी खाईन. मुलगी इकडे आली तर दार लावून घेईन आणि उपाशी मरेन, सांगून ठेवतो."

"पण मास्तर, हे खोटं बोलणं झालं..."

"ते तू आणि तुझा देव बघा. मी आजारी माणूस आहे."

तरी त्याने संध्याकाळी सांगायचं ठरवलंच होतं. अगदी शब्द जुळवून ठेवले होते. आणि नेमका त्या संध्याकाळी धो धो पाऊस लागला. ती आली ती नखशिखांत निथळत. डबा मात्र लाँड्रीच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, दोनदा गुंडाळलेला, कोरडा ठणठणीत.

"तुम्ही... अहो, पिशवी स्वतःच्या डोक्यावर घ्यायची!"

"पिशवी एकच होती," ती म्हणाली. दात वाजत होते तरी हसत होती. "आणि आजारी कोण आहे, मी की तुम्ही?"

त्याने टॉवेल शोधला, एकही धुतलेला सापडला नाही. मग त्याने एका श्रीमंत गिऱ्हाइकाच्या सोफ्याचं उरलेलं निळं मखमली कापड तिला केस पुसायला दिलं. तिने ते गालाला लावून बघितलं. त्याने नजर दुसरीकडे वळवली... आणि पुन्हा तिकडेच आणली.

"तुम्हाला एक सांगायचं होतं," तो म्हणाला.

"सांगा ना."

"ते... सूपमध्ये मीठ थोडं कमी असतं."

घ्या! ह्याला म्हणतात हिंमत. ती गेल्यावर त्याने स्वतःला चार शिव्या दिल्या, डबा उचलला आणि समोर मास्तरांकडे नेला.

मग तेच रोजचं झालं. साडेसहाला मागच्या जिन्यात चपला वाजायच्या. ती अर्धा तास बसायची, डागांच्या गोष्टी सांगायची, प्रार्थना करायची, जायची. सात वाजता कुशनवाला डबा घेऊन समोर. मास्तरांना भरवायचं नाही, फक्त बसायचं. पेपर मोठ्याने वाचायचा आणि उच्चार चुकला की बोलणी खायची. पुढे पुढे तो त्यांची अंथरुणं झटकायला लागला, औषधांच्या वेळा पाठ झाल्या. एका रविवारी त्याने त्यांच्या कडक खुर्चीला चार बोटं जाडीची गादी बसवून दिली. मास्तरांनी बसून पाहिलं आणि "हं" म्हणाले. मास्तरांकडून 'हं' मिळालेला विद्यार्थी लाखात एक असावा.

इकडे काथ्याचा सोफा पूर्ण झाला, धूळ गेली, त्याचा खोकलाही गेला. डोळे स्वच्छ झाले. तरी ती येतच होती.

"तुमच्या मंडळीत पाळ्या असतात ना?" त्याने एकदा विचारलं. "मग रोज तुम्हीच कशा येता?"

ती डब्याचं झाकण लावत होती. ते तिला दोनदा लावावं लागलं. "बाकीच्यांना जिना चढवत नाही. का हो भाऊ, कंटाळलात मला?"

"हे भाऊ प्रकरण मला जरा जड जातंय."

"का बरं? आम्ही सगळे एकमेकांचे भाऊ आणि बहिणीच असतो."

"सगळेच? मग तुमच्यात लग्नं कशी होतात?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. "होतात," ती म्हणाली. "कोणीतरी आधी विचारायला लागतं."

आणि पळाली. त्या दिवशी प्रार्थना करायचीसुद्धा विसरली.

कुशनवाला हवेत तरंगायला लागला. पण तरंगणारा माणूस खाली बघतो तेव्हा त्याला कळतं, की पायाखाली काहीच नाही. ही मुलगी त्याला आजारी समजून आली होती. ती ज्याच्यासाठी भिजली तो माणूस खोटा होता. आज सांगू, उद्या सांगू करत वीस दिवस गेले होते, आणि रोज ते जास्त अवघड झालं होतं. सांगितलं तर ती जाणार. नाही सांगितलं तर तिच्याशी एकही शब्द खरेपणाने बोलता येणार नाही.

शनिवारी ती आली ती नाचतच. पर्समधून हातोडी काढून तिने त्याच्या पुढ्यात ठेवली.

"डॉक्टरांनी मावशीला सांगितलं, तिसऱ्या मजल्यावरचा पेशंट ठणठणीत! तुमच्या डब्यांनी माणूस उठून बसला म्हणाले. उद्यापासून डबा बंद. आणि उद्या उपासनेत तुम्ही साक्ष द्यायची."

"काय द्यायची?"

"साक्ष हो! पुढे उभं राहायचं आणि देवाने तुम्हाला कसं बरं केलं ते सांगायचं. अहो, वीस दिवस अख्खी मंडळी तुमच्यासाठी प्रार्थना करतेय. आजीबाई आहेत एक ब्याऐंशी वर्षांच्या, त्या पहाटे उठून करतात. सगळ्यांना तुम्हाला बघायचंय. उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी नाव लिहूनसुद्धा घेतलं." मग ती जरा हळू झाली. "याल ना? मला... माझ्यासाठी या."

त्याने मान डोलावली. दुसरं काय करणार? ती गेल्यावर तो समोर जाऊन मास्तरांच्या कॉटवर धपकन बसला.

"गेलो मी, मास्तर."

मास्तरांनी सगळं ऐकलं. चष्मा काढून पुसला. "मी चर्चला जात नाही, मला तुमचं काही कळत नाही. पण तीस-पस्तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या. उत्तर चुकलं तर मी अर्धे गुण द्यायचो. खोडून कॉपी केली तर शून्य. उद्या कॉपी करून आलास तर माझ्या दाराशी येऊ नकोस."

"ती बोलणार नाही मग माझ्याशी."

"नाही बोलणार कदाचित," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी आपली बिस्किटं त्याच्यापुढे सरकवली.

रविवारी चर्चमध्ये पाय ठेवला तेव्हा कुशनवाल्याची पाचावर धारण बसली होती. लोक उठून उठून त्याचे हात हातात घेत होते. "किती छान रंग आलाय चेहऱ्यावर!" "मंगळवारचा भात माझा होता हं!" "अंडी चालली ना?" ज्यांना त्याने जन्मात पाहिलं नव्हतं अशा माणसांचे डोळे त्याला उभा बघून पाणावत होते. मावशी पहिल्या बाकावर, काठी टेकून, विजयी मुद्रेने. तिच्याशेजारी ती. केसांना आज क्लिप लावली होती.

गीत झालं. पाळकसाहेबांनी त्याला पुढे बोलावलं.

"सलाम," तो चर्चच्या रीतीप्रमाणे म्हणाला. "माझ्यासाठी तुम्ही फार केलंत. पण मी... मी आजारी नव्हतोच."

कोणाला कळलं नाही. ब्याऐंशीच्या आजीबाई शेजारणीला म्हणाल्या, "नम्र आहे मुलगा."

"खरंच नव्हतो. माझ्या तोंडात खिळे होते."

मग त्याने सांगितलं. सगळं, क्रमाने. खिळ्यांशी काही जण हसले, हातोडीशी बरेच हसले. पण तो हसला नाही. "दोन दिवसांचं जेवण मी खाल्लं. ते दुसऱ्याचं होतं. समोर राहणारे मास्तर खरे आजारी होते आणि त्यांनी ते दोन दिवस बिस्किटांवर काढले. तिसऱ्या दिवसापासून एकेक डबा त्यांच्यापर्यंत पोचवला, ते बरे झालेत, तुमचं अन्न वाया गेलं नाही. पण मी तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मास्तरांना कोणी यायला नको होतं, ते खरं. पण माझं कारण ते नव्हतं. मी सांगितलं असतं तर ती... तर डबा घेऊन येणारी यायची थांबली असती. एवढंच कारण. मला माफ करा."

पहिल्या बाकावरून ती उठली. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तोंडावर रुमाल धरून मधल्या वाटेने तरातरा चालत दाराबाहेर गेली.

तो तिथेच खिळून राहिला. पाळकसाहेब हळूच म्हणाले, "बाकीची उपासना आम्ही बघतो. तुम्ही जा."

लाँड्री बंद होती. मावशीच्या घराला कुलूप. त्याने दोन्ही गल्ल्या पालथ्या घातल्या आणि शेवटी आपल्या इमारतीत आला. पुढच्या जिन्याने. तिसऱ्या मजल्यावर डावीकडचं दार उघडं होतं आणि आतून मास्तरांचा आवाज येत होता.

"रडायचं असेल तर खिडकीपाशी जाऊन रड. मला खपत नाही."

ती मास्तरांच्या समोर बसली होती. नाक लाल, हातात मास्तरांच्या औषधांची बाटली, आणि रडता रडता त्यावरची तारीख वाचत होती.

"हे कोणी आणलं? तारीख संपत आलीय," ती त्याला म्हणाली.

"उद्या बदलून आणतो," तो म्हणाला. "रागावलीस?"

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. दोघांच्याही ते लक्षात आलं.

"वीस दिवस!" ती एकदम उसळली. "वीस दिवस मी देवाला तुझ्या छातीचं सांगतेय! त्याला माहीत होतं, तुला माहीत होतं, ह्यांना माहीत होतं, मीच एक येडी!"

"पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर परत आली असतीस?"

"नसते आले."

"मला तू यायला हवी होतीस. मला तू आवडतेस. फार. पहिल्या दिवसापासून. चुकलं माझं, पण हे चुकलेलं नाही."

मास्तरांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला. पण ते पान उलटत नव्हते.

तिने बाटलीचं झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

"मी रागावून नाही उठले चर्चमधून," ती शेवटी म्हणाली.

"मग?"

"तू बरा आहेस हे मला कळलं होतं." ती खाली बघत राहिली. "दहा दिवसांपूर्वीच. खोकला नाही, ताप नाही, खुर्च्या उचलून इकडच्या तिकडे करतोयस... मी काय आंधळी आहे? लाँड्रीत काम करते मी, माणूस अंथरुणातून उठलाय की नाही हे शर्ट बघून सांगते. पण मावशी रोज विचारायची, कसे आहेत आपले भाऊ? आणि मी रोज सांगायचे, अजून फार अशक्त आहेत गं. माझी पाळी फक्त दोन दिवस होती. बाकीच्यांच्या पाळ्या मी मागून घेतल्या. तुला नवीन माणसं बघून धडकी भरते असं सांगितलं सगळ्यांना."

"मला?"

"हो! खरे आजारी हे मास्तर आहेत, हे नव्हतं माहीत. पण तुझ्यासाठी डबा नकोय, एवढं माहीत होतं. त्या आजीबाई बिचाऱ्या पहाटे उठत राहिल्या आणि मी बाकावर बसून आमेन म्हणत राहिले. आज तू उभा राहून सगळं सांगितलंस... तुला लाज वाटत होती तरी सांगितलंस. आणि मी तिथे शहाण्यासारखी क्लिप लावून बसलेय! मला बसवेना."

कुशनवाला तिच्याकडे बघतच राहिला. आणि मग त्याला हसू आलं. आवरेना. तिने आधी डोळे वटारले, मग तिचाही ओठ हलला, आणि पेपराच्या मागून एक खोकल्यासारखा आवाज आला. तो खोकला नव्हता.

"दोघंही कॉपी करणारे," मास्तर म्हणाले. "त्याने आपलं जाऊन कबूल केलं. तू अजून इथे काय करतेयस?"

ती उठली. दारापर्यंत गेली, परत वळली, आणि कुशनवाल्यासमोर हात पुढे केला. "चल ना. एकटीने नाही जमणार मला."

दहा मिनिटांची वाट ते जवळजवळ धावत गेले. शेवटचं गीत संपत होतं. ती थेट पुढे गेली, धापा टाकत, आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. दहा दिवस, पाळ्या, अशक्तपणा, धडकी. "मला त्यांच्याकडे जायचं होतं," ती म्हणाली, "मला ते आवडतात, म्हणून मी तुमच्याशी आणि देवाशी खोटं बोलले. मला माफ करा."

मग मावशीने काठी आपटली.

"झालं सांगून? बस आता. सगळ्यांना माहीत होतं."

"क-काय माहीत होतं?"

"अगं, ज्या मुलीला स्वतःची पाळी आठवत नाही ती सात घरं फिरून दुसऱ्यांच्या पाळ्या मागते, तेव्हा बायकांना काही कळत नाही होय? हे मुळात आजारीच नव्हते, हे मात्र नव्हतं माहीत हो. तेवढं भारी केलंत."

तेव्हा जो हशा उठला तो पाळकसाहेबांनाही आवरता आला नाही. त्यांनी आशीर्वाद म्हटला तोही हसतच. ब्याऐंशीच्या आजीबाई तेवढ्या घुश्शात होत्या. बाहेर पडताना त्यांनी दोघांना गाठलं. "पहाटे उठले मी तुमच्यासाठी," त्या म्हणाल्या. "आता त्या मास्तरांसाठी उठते. त्यांचं नाव काय ते विचारून या." मग जरा थांबून त्यांनी कुशनवाल्याच्या गालावरून हात फिरवला आणि तिच्या गालावर एक हलकी चापट दिली.

लोक पांगले. दोघं पायऱ्यांवर उरले. ऊन छान पडलं होतं, आणि एकमेकांकडे बघायची आता दोघांनाही चोरी नव्हती, तरी दोघंही रस्त्याकडे बघत होते.

"डबा तर बंद झाला," तो म्हणाला.

"झाला."

"मास्तरही बरे झाले."

"झाले."

"मग आता... आपण भेटायचं कसं?"

ती त्याच्या जवळ सरकली. एवढी, की तिचा खांदा त्याच्या दंडाला लागला.

"तिसऱ्या गल्लीत एक बाई आहेत," ती म्हणाली. "काल पाय मोडलाय. दोन लहान मुलं, घरात करणारं कोणी नाही. मावशी पाळीसाठी माणसं शोधतेय. दोघं गेलो तर एकाला स्वयंपाक करता येईल आणि एकाला मुलं सांभाळता येतील."

"आणि त्यांचा पाय बरा झाला की?"

"मग दुसरं कोणीतरी आजारी पडेल."

"आणि मग?"

"मग तिसरं कोणीतरी." तिने त्याच्याकडे पाहिलं. डोळे हसत होते, पण आवाज हसत नव्हता. "आयुष्यभर पुरेल एवढं काम आहे. येशील?"

"येईन," तो म्हणाला.